कोणता पडदा फाटला, मास्तर?

पत्र

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 69. मधुमेह 12 वर्षांचा आहे, प्रोस्टेटची एक गोळी रोज रात्री घेतो, तिला 3 वर्षं झाली. 6 आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पंधरा-वीस मिनिटांचं काम म्हणाले होते, मी तासभर टेबलावर होतो. मध्येच खोलीतलं बोलणं बंद झालं. मग डॉक्टरांनी सिस्टरकडे कसलं तरी दुसरं मशीन मागितलं. शेवटी म्हणाले, "पडदा जरा फाटला, पण लेन्स बसवलीय, काळजी करू नका." त्यावर कुणी अधिक बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी तपासलं तेव्हा नजर 6/12 होती. मी खूश होतो. पण पाचव्या आठवड्यापासून मधोमध धुकं आलं आहे. पोथी वाचताना ओळीतली मधली अक्षरं ओल्या बोटानं पुसल्यासारखी दिसतात. पडवीच्या ग्रीलचे गज वाकडे दिसतात. दुखत नाही, लाली नाही. थेंब महिनाभर घालायचे होते, ते संपले. पुढली तारीख अजून तीन आठवड्यांनी आहे.

मुलगा आखातात असतो. तो म्हणतो, केस घाला. आमची मंडळी म्हणते, "एक दोळो पुरो," दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहेच. पडदा फाटला ही चूक कुणाची? नजर परत येईल का? आणि दुसरा डोळा करावा की नाही?

उत्तर

मास्तर, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक काम करा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे फोन करून दोन-तीन दिवसांतली वेळ घ्या. फोनवर "तपासणीला यायचंय" एवढंच म्हणालात तर फोन घेणारी मुलगी वही उघडून तुमची तीच जुनी तारीख सांगेल. "नजर आली होती, ती परत कमी झाली, आणि सरळ रेषा वाकड्या दिसतात," असं सांगा. या वाक्यावर तारीख अलीकडे येते. तिथे जायची इच्छा नसेल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात जा, पण तीन आठवडे थांबू नका.

आता पडद्याचं. आपल्या भाषेनं इथे मोठा घोळ घालून ठेवलाय. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर जिथे चित्र उमटतं, त्या दृष्टिपटलाला आपण पडदा म्हणतो. बाहुलीभोवतीच्या रंगीत भागालाही काही जण पडदाच म्हणतात. आणि मोतीबिंदू ज्या पिशवीत असतो तिच्या मागच्या बाजूलाही, घाईत असलेला डॉक्टर, पडदाच म्हणून मोकळा होतो. "पडदा फाटला" हे फोनवरून आखातात पोचलं तेव्हा तुमच्या मुलाला वाटलं असणार की बाबांचं दृष्टिपटल फाटलं. म्हणजे सिनेमाचा पडदाच गेला. तसं झालेलं नाही. तुमच्या पत्रावरून, तासभराच्या वेळेवरून आणि त्या दुसऱ्या मशीनवरून मी जवळजवळ खात्रीनं सांगते, फाटली ती पिशवी.

ही पिशवी काय चीज आहे ते सांगते, म्हणजे राग कुणावर आणि किती करायचा ते तुम्हाला ठरवता येईल. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग साधारण 9 ते 10 मिलिमीटर रुंद असतं, करवंदापेक्षाही लहान. त्यावर पारदर्शक साल असते. ऑपरेशनमध्ये पुढच्या सालीला गोल खिडकी पाडायची, आतला पांढरा झालेला गर फोडून ओढून घ्यायचा, आणि मागची साल जशीच्या तशी ठेवायची, कारण नवी लेन्स त्याच सालीच्या पिशवीत बसवायची असते. मागच्या बाजूला, मध्यावर, ही साल सुमारे 4 मायक्रॉन जाड असते. तुमच्या डोक्यावरचा केस याच्या दहा-पंधरा पट जाड. आणि तिला लागूनच मागे डोळ्याच्या पोकळीत भरलेली जेली असते.

पिशवी फाटते तो क्षण मायक्रोस्कोपखाली फार शांत असतो. रक्त नाही, आवाज नाही. डोळ्याची पुढची खोली एकदम खोल जाते, बाहुली क्षणभर मोठी होते, आणि मोतीबिंदूचा तुकडा जवळ यायचा सोडून मागे सरकायला लागतो. त्या वेळी हात आपसूक गर ओढणारी सुई बाहेर काढायला बघतो, आणि तीच मोठी चूक. सुई झटक्यात काढली की आतला दाब पडतो, फाटलेली जागा आणखी फाटते आणि जेली पुढे येते. म्हणून सुई आहे तिथेच धरून ठेवायची, दुसऱ्या हातानं चिकट जेलसारखं औषध आत भरायचं, जागा पक्की झाली की मगच बाहेर यायचं. नंतर पुढे आलेली जेली कापून शोषून घेणारं छोटं यंत्र लागतं. तुम्ही ऐकलेलं दुसरं मशीन ते. खोलीतलं बोलणं थांबलं ना, ते चांगलं लक्षण होतं, मास्तर. तिथे कुणीतरी नीट काम करत होतं.

मग लेन्स. पिशवीचा तळ गेला तरी पुढच्या खिडकीची कड शाबूत असेल तर रंगीत बुबुळाच्या मागे, त्या कडेवर लेन्स टेकवता येते. त्यासाठी साधारण तीन भागांची, लांब पायांची लेन्स वापरतात. जागा थोडी पुढे सरकते म्हणून तिचा नंबरही अर्धा-एक कमी घ्यावा लागतो. कडही गेली असेल तर लेन्स त्या दिवशी न बसवता नंतर दुसऱ्या ऑपरेशनात बसवतात, आणि मोतीबिंदूचा तुकडा जेलीत खाली बुडाला तर तो काढायला दृष्टिपटलाचा सर्जन लागतो. तुमच्या बाबतीत लेन्स बसली आणि पंधरा दिवसांत 6/12 आली, म्हणजे या पायऱ्या चुकल्या नाहीत.

तर पहिला प्रश्न. चूक कुणाची? अनुभवी हातांतही शंभरात एखाद-दुसऱ्या डोळ्यात पिशवी फाटते. शिकाऊ हातात जास्त, कडक पिकलेल्या मोतीबिंदूत जास्त, लहान बाहुलीत जास्त. आणि तुमची ती रात्रीची गोळी. प्रोस्टेटसाठी देतात त्यातली टॅमसुलोसिन नावाची गोळी असेल (पाकिटावर बघा) तर ती बुबुळाचा स्नायू ढिला करते. ऑपरेशन चालू असताना बुबुळ दोरीवरच्या ओल्या धोतरासारखं फडफडतं आणि बाहुली मध्येच आकसते. डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या दोन अमेरिकन सर्जननी 2005 साली हे पहिल्यांदा लिहून काढलं, तोवर आम्ही सगळे नशिबाला दोष देत होतो. तुम्हाला ऑपरेशनआधी "लघवीसाठी काही घेता का?" असं कुणी विचारलं होतं का? विचारलं नसेल तर तुमच्या तक्रारीला तिथे जागा आहे. पिशवी फाटण्यात नाही.

तुमची दुसरी तक्रार जास्त खरी आहे, ती तुम्ही पत्रात एका वाक्यात टाकून दिलीत: "त्यावर कुणी अधिक बोललं नाही." याबद्दल मला माझंच सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी पेडण्याकडच्या एका आजींच्या डोळ्यात माझ्या हातून पिशवी फाटली. मी सगळं निस्तरलं, लेन्स बसवली, आणि घरच्यांना म्हटलं, "थोडं अवघड गेलं, पण छान झालं." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात आजींना बरं दिसायला लागलं, मग त्या यायच्या बंद झाल्या. भातलावणी होती, सुनेला वेळ नव्हता, आणि छान झालंय तर दोतोराकडे कशाला जायचं? सात महिन्यांनी आल्या तेव्हा मधली नजर गेली होती. सूज इतके दिवस राहिली होती की औषधानं ती उतरली तरी अक्षरं परत आली नाहीत. पिशवी फाटल्यानं त्यांचा डोळा गेला नव्हता. मी नीट न सांगितल्यानं गेला. तेव्हापासून मी टेबलावरून उठायच्या आत पेशंटला सांगते आणि कागदावर मराठीत लिहून देते, काय झालं आणि कधी यायचंच.

म्हणून तुमचं पत्र वाचून मी आधी फोन करायला सांगितलं. तुम्हाला जे होतंय ते बहुधा तेच आहे: दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे बारीक अक्षरं वाचली जातात त्या जागी, पाणी साठून आलेली सूज. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती साधारण चार ते दहा आठवड्यांत डोकं वर काढते, आधी चांगलं दिसून मग धूसर होतं, हीच तिची खूण. पिशवी फाटून जेली हलली असेल तर जास्त होते, मधुमेह असेल तर आणखी जास्त. तुमच्याकडे दोन्ही आहे. ओसीटी नावाच्या तपासणीत ती दोन मिनिटांत दिसते, हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघायचं, सुई नाही, दुखणं नाही. त्याच वेळी बाहुली मोठी करून दृष्टिपटलाच्या कडाही बघून घ्यायला सांगा. जाताना गाडी चालवायला कुणाला तरी न्या, थेंबांनी तीन-चार तास धूसर राहतं.

नजर परत येईल का? सूजच निघाली आणि वेळेवर उपचार सुरू झाले, तर बहुतेकांची येते. स्टेरॉइडचे थेंब आणि दुसरे सूज उतरवणारे थेंब, दोन्ही मिळून, काही आठवडे ते काही महिने. तेवढ्यानं नाही उतरली तर डोळ्याच्या बाजूला किंवा आत इंजेक्शन. मधुमेहाची स्वतःची सूजही अशीच दिसते, ती वेगळी ओळखून तिचा उपचार वेगळा करावा लागतो, म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. एक मात्र करू नका: कपाटात उरलेली बाटली काढून स्वतःच परत थेंब सुरू करू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्याचा दाब गुपचूप वाढतो, आणि त्यानं गेलेली नजर परत येत नाही.

क्वचित कारण वेगळं निघतं. जेलीचा एखादा धागा जखमेपर्यंत येऊन अडकलेला असतो आणि तो आतून ओढत राहतो. हे घरीही थोडं बघता येतं. वहिनींना म्हणावं, उजेडात उभं करून तुमची बाहुली बघा, गोल आहे की एका बाजूला करवंदाच्या देठासारखी टोकदार ओढली गेलीय? टोकदार दिसली तर डॉक्टरांना ते पहिलं सांगा.

आणि तुम्ही शिक्षक, तेव्हा घरात गणिताची चौकटीची वही असेलच. एक कोरं पान घ्या, मध्यभागी शाईनं ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून, डावा डोळा तळहातानं झाकून, उजव्यानं फक्त ठिपक्याकडे बघा. कुठल्या चौकटी वाकतात, कुठल्या गायब होतात, त्या पेन्सिलीनं रंगवा, खाली तारीख घाला. दर रविवारी नवं पान. आमच्याकडे याच कामासाठी छापील तक्ता मिळतो, पण तुमची वही काही कमी नाही.

ज्याला एक दिवसही थांबायचं नाही, ते वेगळं लिहिते. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होणं, अचानक काळ्या माश्यांचा किंवा काजळीचा पाऊस पडल्यासारखं दिसणं, बाजूनं काळं सावट सरकत येणं: हे खरोखर दृष्टिपटल सुटण्याचं लक्षण. जेली हललेल्या डोळ्यात हा धोका पुढली काही वर्षं इतरांपेक्षा जास्त असतो. दुसरं, डोळा लाल होऊन दुखायला लागणं आणि नजर झपाट्यानं उतरणं. हा आतला जंतुसंसर्ग, बहुधा पहिल्या आठवड्यात येतो, तुमचा तो काळ टळलाय, पण डाव्या डोळ्याच्या वेळी लक्षात असू दे. यातलं काही झालं तर रात्र असो, चतुर्थी असो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) अर्धी बांधलेली असो, गाडी काढायची.

केसचं बोलू. मुलाला सांगा, गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी झाली असं कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात हेच स्पष्ट केलं: एखाद्या सामान्य कुशल डॉक्टरनं घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हा प्रश्न. पण कागद मात्र तुमच्या हक्काचे आहेत. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायला हव्यात. मागा. साधा अर्ज लिहा, "माझ्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची नोंद आणि लेन्सचं स्टिकर यांची प्रत मिळावी." भांडायच्या सुरात लिहू नका. तो कागद कोर्टापेक्षा तुमच्या डाव्या डोळ्याला जास्त लागणार आहे. पिशवी कुठे फाटली, जेली किती काढली, बाहुली लहान होत होती का, कोणती लेन्स कुठे ठेवली, हे सगळं त्यात असतं. पुढच्या सर्जनला तो वाचायला मिळाला की डाव्या डोळ्यात काय होऊ शकतं याची त्याला अर्धी कल्पना आधीच येते.

स्टिकरची गोष्ट किरकोळ वाटते, पण लेन्सच्या डबीवर तिचं नाव, नंबर (पॉवर) आणि अनुक्रमांक असलेली चिकटपट्टी असते, ती पेशंटच्या कार्डावर लावतात. ती रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. उद्या लेन्स सरकली, बदलावी लागली, तर तीच उपयोगी. आणि चष्म्याचा नंबर आत्ता काढू नका, सूज असताना काढलेला नंबर वाया जातो. शेवटी थोडा नंबर उरला तर तो चष्म्यानं भागतो. (29 नोव्हेंबर 1949 ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरॉल्ड रिडलींनी जगातली पहिली लेन्स ज्या बाईंच्या डोळ्यात बसवायला घेतली, त्यांना उणे 18 च्या घरात नंबर आला होता. तुमचा एक-दीड आला तर कुरकुर करू नका.)

राहिला डावा डोळा आणि वहिनी. त्यांचं भय मला कळतं, पण "एक दोळो पुरो" हे मला पटत नाही. मोतीबिंदू थांबत नाही. आणखी दोन वर्षं ठेवलात तर तो कडक होईल, आणि कडक मोतीबिंदूतच पिशवी फाटायची भीती वाढते. म्हणजे ज्याला भिऊन थांबायचं, तेच थांबल्यानं जवळ येतं. घाईही नको. उजव्याची सूज उतरू दे, दोन ओसीटी कोरड्या येऊ देत, साखर ताब्यात येऊ दे, मग करा.

कुणाकडून? त्याच डॉक्टरांवर विश्वास उरला असेल तर त्यांच्याकडूनच. त्यांनी तुमचा एक डोळा आतून पाहिलाय, याला किंमत आहे. विश्वास नसेल तर दुसऱ्या अनुभवी सर्जनकडे, पण वरचा कागद घेऊन. त्यांना चार गोष्टी तोंडानं सांगा, लिहिलेल्या आहेत म्हणून गृहीत धरू नका: प्रोस्टेटची गोळी, मधुमेह, पहिल्या डोळ्यात पिशवी फाटली, नंतर मध्यावर सूज आली. गोळी ऑपरेशनसाठी आपल्या मनानं बंद करू नका. बंद केली तरी बुबुळाचा ढिलेपणा जात नाही, आणि लघवी अडली तर नवीच पंचाईत. माहीत असेल तर सर्जन बाहुली मोठी ठेवणारं औषध डोळ्यात घालतो, किंवा बारीक हुक वा रिंग लावून बाहुली उघडी धरतो. सुजेचे थेंबही मग आधीपासून सुरू करता येतात.

वहिनींना सोबत न्या. त्या बाहेर बाकावर बसून राहतील, तसं नको, आत घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हणा, "कोणता पडदा फाटला ते हिला चित्र काढून दाखवा." चित्र काढायला अर्धा मिनिट लागतो. काढलं नाही तर तुमच्याकडे ती चौकटीची वही आहेच, तीच पुढे करा.